सीएसआरचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीची औद्योगिक वसाहत असो की वाघोडियाचा पट्टा, फेब्रुवारी उजाडला की बऱ्याच कंपन्यांच्या अकाउंट्स खात्यातून एकच विचारणा वर जाते: "साहेब, सीएसआरची रक्कम अजून पडून आहे, मार्चच्या आत कुठे द्यायची?" सीएसआर म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी, त्यासाठी कायद्याने करायचा खर्च. मग ओळखीच्या संस्थांना फोन, दप्तरांची आणि वॉटर कूलरची कोटेशन्स, एखाद्या शाळेत तासाभराचा कार्यक्रम, फोटो. रक्कम वेळेत संपते. ज्यांच्यासाठी ती होती त्यांचं पुढे काय झालं, हे पाहायला मात्र नंतर फारसं कुणी फिरकत नाही.

मी कंपन्यांचे हिशेब आणि सीएसआरचे कागद बरीच वर्षं पाहतो आहे. माझं मत असं की ही कामं बहुतेक वेळा पैशाअभावी फसत नाहीत, विचार उशिरा सुरू झाल्यामुळे फसतात. कायदा नीट वाचला तर तोही वर्षभराचं नियोजनच मागतो. म्हणून आधी कायदा, पण त्यावर फार वेळ न घालवता.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मध्ये सीएसआर येतो. १ एप्रिल २०१४ पासून ते लागू आहे. मागच्या आर्थिक वर्षात कंपनीची नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) ५०० कोटी रुपये किंवा जास्त, उलाढाल १,००० कोटी किंवा जास्त, अथवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त असेल, तर कंपनीला सीएसआर लागू होतो. तिन्हीपैकी एक अट पुरी झाली तरी पुरे. मध्यम आकाराच्या कारखान्यांना बहुधा तिसरीच अट गाठते, आणि अनेक मालकांना ते वर्ष सरल्यावर कळतं.

किती खर्च करायचा? मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के. समजा, मकरपुऱ्यात पंपांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे. तिचा नफा तीन वर्षांत अनुक्रमे ६ कोटी, साडेचार कोटी आणि साडेसात कोटी झाला. एकूण १८ कोटी, सरासरी ६ कोटी, त्याचे २ टक्के म्हणजे १२ लाख रुपये. इथे एक गफलत नेहमी होते. हा नफा नफातोट्याच्या पत्रकात सगळ्यात खाली दिसणारा करोत्तर नफा नव्हे. कलम १९८ प्रमाणे काढलेला, कर भरण्याआधीचा नफा धरायचा असतो. तळाचा आकडा धरून हिशेब केला की रक्कम कमी निघते आणि ती चूक पुढच्या ऑडिटला समोर येते.

हे १२ लाख प्राप्तिकराच्या हिशेबात धंद्याचा खर्च म्हणून वजा होत नाहीत. तशी स्पष्ट तरतूद २०१४ मध्येच आली. सीएसआरसाठी घेतलेल्या वस्तूंवरच्या जीएसटीचं क्रेडिटही, म्हणजे भरलेला कर पुढच्या जीएसटीतून वजा करण्याची सोय, ऑक्टोबर २०२३ पासून मिळत नाही. तेव्हा बजेट करताना करासकट किंमत धरा. वॉटर प्लांटचं कोटेशन "प्लस जीएसटी" असेल, तर तो जीएसटीही त्याच १२ लाखांतून जाणार.

सीएसआरची रक्कम वर्षाला ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी सीएसआर समिती नेमायची गरज नाही, ते काम संचालक मंडळच करू शकतं. आपल्या उदाहरणातली कंपनी यात बसते. समिती नाही म्हणून नियोजनातून मात्र सुटका नाही. कोणते प्रकल्प घ्यायचे, ते कसे राबवायचे, पैसे कोणत्या टप्प्यांत द्यायचे, देखरेख कोण करणार, हे सगळं वार्षिक कृती आराखड्यात लिहावं लागतं. आराखडा वर्षाच्या मध्यात बदलता येतो, फक्त कारण नोंदवावं लागतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरात शिरलं तेव्हा ही सोय किती कामाची आहे हे शहराने पाहिलं. आपत्ती निवारण, त्यातली मदत आणि पुनर्वसन, हे कायद्याच्या सातव्या परिशिष्टात बसतं. म्हणून पावसाळा संपेपर्यंत थोडी रक्कम मोकळी ठेवावी, असं मी प्रत्येक कंपनीला सांगतो.

सातवं परिशिष्ट म्हणजे सीएसआरमध्ये कोणती कामं चालतात त्याची यादी. भूक आणि कुपोषण, आरोग्य, पिण्याचं पाणी, शिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षण, स्त्रियांची आणि वृद्धांची निवासं, पर्यावरण, वारसा वास्तू, सार्वजनिक वाचनालयं, खेळ, ग्रामविकास, झोपडपट्टी विकास असे विषय त्यात आहेत. यादी बरीच मोकळी आहे आणि ती उदारपणे वाचावी असं सरकारनेच सांगितलं आहे. अडचण यादीतल्या कामांची नसते. जी कामं सीएसआर नाहीत ती सीएसआर म्हणून दाखवण्याचा मोह होतो, घोटाळा तिथे होतो.

तीन उदाहरणं घेऊ. नंदेसरीत रसायनांचा कारखाना आहे. पर्यावरण मंजुरीच्या अटीप्रमाणे त्याला आवारात हरितपट्टा राखायचा आहे आणि सांडपाणी शुद्ध करूनच सोडायचं आहे. हा खर्च कितीही मोठा असला तरी सीएसआर नव्हे, कारण तो कायद्याने आधीच बांधलेला आहे. दुसरं, नवरात्रात गरब्याच्या मैदानावर कंपनीचं नाव झळकतं, किंवा दांडिया बाजारातल्या एखाद्या गणेश मंडळाच्या कमानीवर बॅनर लागतो. उत्सवाला हातभार लावणं चांगलंच आहे, पण ज्यातून जाहिरात साधते ती स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरता येत नाही. तिसरं, कंपनीच्या कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती. मनाला हे पटकन पटतं, कारण ती मुलं आपलीच. पण फक्त कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी केलेला खर्च नियमांत बसत नाही. तो कल्याण निधीतून करावा. राजकीय पक्षाला दिलेली देणगीही अर्थातच नाही.

इथवरचं सगळं चांगला कंपनी सेक्रेटरी एका बैठकीत सांगू शकेल. खरं अवघड काम याच्या पुढे आहे.

पाणी कोणाच्या नावाने येतं

बडोद्याहून पूर्वेला गेलं की छोटा उदेपूरचा आदिवासी मुलूख लागतो. २०१३ पर्यंत तो बडोदा जिल्ह्यातच होता. कवांटच्या बाजूला कडीपाणी आहे, तिथे फ्लोरस्पार सापडतं. हे खनिज म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड. असं खनिज जिथल्या खडकात असतं, तिथे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड उतरू शकतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइड लिटरमागे १ मिलीग्रॅमपर्यंत चालतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलीग्रॅमपर्यंत. त्यावरचं पाणी वर्षानुवर्षं पिणाऱ्या मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग येतात, आणि प्रमाण फारच जास्त असेल तर पुढे हाडंही धरतात.

अशा भागातल्या एका शाळेत एका कंपनीने बसवलेला आरओ प्लांट मी पाहिला आहे. भिंतीवर कंपनीच्या नावाची पाटी अजून चकचकीत होती. नळ कोरडा. टाकीच्या तळाशी वाळलेला चुन्यासारखा थर. मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, कधीच तुंबलं होतं, बदलायला माणूस बोलवायचा तर तो शहरातून यायचा, आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे हे कुठल्याच कागदावर नव्हतं. मुलं पुन्हा हातपंपावर. आणि याहून मोठी गोष्ट माझ्याबरोबर आलेल्या बाईंच्या लक्षात आली, त्या गावोगावच्या अंगणवाड्यांचं काम करतात. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि म्हणाल्या, "मध्यान्ह भोजनाची डाळ आधीपासून हातपंपाच्याच पाण्यात शिजतेय. प्लांट चालू होता तेव्हासुद्धा इथे त्याचा नळ नव्हता." म्हणजे प्लांट धडधाकट असता तरी फ्लोराइड डाळीतून पोटात गेलंच असतं.

या एका शाळेतून नियोजनाचे सगळे प्रश्न निघतात. पाण्यात नेमकं काय आहे हे आधी तपासलं का? फ्लोराइड, क्षार, की जंतू? प्रत्येकावर उपाय वेगळा आणि खर्चही वेगळा. नुसते जंतू असतील तर आरओची गरजच नसते. आरओ लावलाच तर त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात फ्लोराइड उलट जास्त असतं, ते कुठे सोडणार? त्याच हातपंपाच्या बाजूला सोडलं तर ते जमिनीत मुरून परत वर येईल. विजेचं मीटर कुणाच्या नावावर? शाळेला मिळणाऱ्या अनुदानात ते बिल बसतं का? फिल्टर कोण बदलणार, सुट्टीत प्लांट बंद राहिला तर पुन्हा सुरू कोण करणार? आणि पाणी हवंय कुठे? नळावर, स्वयंपाकघरात, की शेजारच्या फळियातल्या (वाडीतल्या) बायकांच्या हंड्यांतही?

या प्रश्नांची उत्तरं मिळवायची तर दोन-तीनदा गावात जावं लागतं, सरपंच, आचार्य (मुख्याध्यापक), शाळा व्यवस्थापन समिती यांच्याशी बोलावं लागतं, आणि जी बाई भाजी-डाळ शिजवते तिच्याशी तर नक्कीच. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून अहवालाची वाट पाहावी लागते. फेब्रुवारीत हे होणं शक्य नाही, एप्रिल-मेमध्ये होतं. उन्हाळ्यात तर पाण्याची खरी स्थितीही कळते, कारण पावसाळ्यात भरलेला हातपंप पाहून आपला अंदाज चुकतो.

देखभालीचा खर्च पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये धरणं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १२ लाखांतले १२ लाख यंत्रावर घालण्यापेक्षा ८ लाखांचं यंत्र घ्यावं आणि उरलेल्या चारांत तीन वर्षांची देखभाल आणि गावातल्या एका तरुणाचं प्रशिक्षण बसवावं. कायद्यात चालू प्रकल्प अशी सोय आहेच. प्रकल्प ज्या वर्षी सुरू झाला ते वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालू शकतो. त्या वर्षी न खर्चलेली रक्कम ३० एप्रिलच्या आत वेगळ्या खात्यात टाकायची आणि तीन आर्थिक वर्षांत वापरायची. ही तरतूद बऱ्याच कंपन्या फक्त उशीर झाकायला वापरतात. ती खरं तर देखभालीसाठी बनवल्यासारखी आहे.

मांडवीजवळच्या वाचनालयाकडून

हा विचार बडोद्याला नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यात वाचनालयांचं जाळं उभारलं. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आजही चालू आहे. सगळे इमारतीचं कौतुक करतात, मला मात्र त्या योजनेतली पैशाची अट जास्त शिकवून जाते. गावाला वाचनालय हवं तर गावाने आधी वर्गणी काढायची. जितकी वर्गणी, तितकीच रक्कम प्रांत पंचायत घालणार आणि तितकीच सरकार. गावाच्या खिशातला पैसा त्यात असल्यामुळे पुस्तकं कपाटात धूळ खातात का, हे पाहायला गावातलंच कुणीतरी असायचं. जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवल्या जात, फिरत्या.

तेव्हा ते राज्याचं काम होतं आणि आजचा सीएसआर कंपनीचा, हा फरक मान्य. पण त्या अटीतली सूत्रं आजच्या करारात जशीच्या तशी घालता येतात. ग्रामपंचायत वीजबिल भरेल, शाळा व्यवस्थापन समिती महिन्याला नोंदवही ठेवेल, कंपनी तीन वर्षं फिल्टर देईल: असा एक पानाचा करार तिघांच्या सह्यांनी प्लांट बसण्याआधी व्हावा. नियमही तेच सुचवतात. सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या ताळेबंदात ठेवता येत नाही. ती लाभार्थींच्या गटाकडे, पात्र संस्थेकडे किंवा सरकारी यंत्रणेकडे गेली पाहिजे. म्हणजे मालक कोण होणार, हा प्रश्न कायद्यानेच आधी विचारून ठेवला आहे.

संस्था निवडताना

लहान कंपनीकडे गावात जाऊन काम करायला माणसं नसतात, म्हणून संस्थेमार्फत काम होतं. १ एप्रिल २०२१ पासून अशा संस्थेने सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घेतलेला असावा लागतो. ट्रस्ट किंवा सोसायटी असेल तर प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी नोंदणी लागते, आणि कंपनीने स्वतः काढलेली संस्था नसेल तर अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभवही. कागद सगळ्यांचे असतात. मी तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब मागतो आणि एक जुना प्रकल्प, शक्यतो दोन वर्षांपूर्वी संपलेला, न सांगता पाहायला जातो. चालू प्रकल्पावर पाहुणे आले की सगळं झाडून-पुसून ठेवलेलं असतं. संपलेला प्रकल्प खरं बोलतो.

दुसरी गोष्ट, संस्थेच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे सीएसआर खर्च झाला असं होत नाही. संस्थेने ते प्रत्यक्ष वापरले तेव्हा तो खर्च धरला जातो, आणि मंजूर कामासाठीच वापरले याची खात्री कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला लेखी द्यावी लागते. म्हणून हप्ते ठरवा: पाणी तपासणीनंतर एक, यंत्र बसून महिनाभर चालल्यावर दुसरा, असे. संस्थेच्या गावातल्या कार्यकर्त्यांचा पगार हा प्रकल्पाचा खर्च आहे, तो द्यायला हात आखडू नये. ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला. १२ लाखांवर ती ६० हजार होते. या दोन गोष्टींची गल्लत करून संस्थांना "पगाराला पैसे मिळणार नाहीत" असं सांगणाऱ्या कंपन्यांमुळे चांगले कार्यकर्ते टिकत नाहीत, हे मी जवळून पाहिलं आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं.

रक्कम खर्चच झाली नाही तर? चालू प्रकल्पाची नसेल तर ती ३० सप्टेंबरपर्यंत पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीसारख्या परिशिष्टातल्या निधीत भरावी लागते, आणि संचालकांच्या अहवालात कारण द्यावं लागतं. तेही न केल्यास कंपनीला भरायच्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, यातलं जे कमी ते दंड. आपल्या कंपनीने पूर्ण १२ लाख बुडवले तर २४ लाख दंड, शिवाय जबाबदार अधिकाऱ्याला त्या १२ लाखांचा एक दशांश, म्हणजे १ लाख २० हजार. उलट जास्त खर्च झाला, समजा १४ लाख, तर वरचे २ लाख पुढच्या तीन वर्षांत वळते करून घेता येतात.

एका कंपनीचे १२ लाख खरंच थोडे पडतात. पण नियमांनी कंपन्यांना एकत्र येण्याची मुभा दिली आहे, प्रत्येकीने आपापला हिशेब वेगळा दाखवला की झालं. मकरपुऱ्यातल्या पाच शेजारी कारखान्यांनी ६० लाख एकत्र केले तर एका तालुक्यातल्या सगळ्या शाळांचं पाणी तपासून घेता येईल, देखभालीला एक पगारी मेकॅनिक मोटारसायकलसह ठेवता येईल. ही कल्पना मी अनेकांपुढे मांडतो. पहिली हरकत नेहमी एकच असते, पाटीवर नाव कुणाचं. पाटीवर पाचही नावं मावतात.

ज्यांची वर्षाची सीएसआर रक्कम सरासरी १० कोटी किंवा जास्त आहे, त्यांना १ कोटी किंवा जास्त खर्चाच्या प्रकल्पांचा परिणाम बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा लागतो, प्रकल्प संपून वर्ष झाल्यावर. लहान कंपन्यांना ते बंधन नाही. तरी वर्षानंतर एकदा त्याच शाळेत जाऊन पाण्याचा नमुना पुन्हा तपासणं काही हजारांत होतं.

शेवटी संस्था चालवणाऱ्या वाचकांसाठी. कंपनीला सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प स्वतःच्या वेबसाइटवर, वेबसाइट असेल तर, द्यावे लागतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या सीएसआर पोर्टलवरही कंपनीनिहाय माहिती मिळते. ती आधी वाचा. जी कंपनी प्रशिक्षणावर खर्च करते तिच्याकडे पाण्याचा प्रस्ताव नेऊन दोघांचा वेळ जातो. कायदा स्थानिक भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, तेव्हा आपलं गाव त्या कारखान्यापासून किती किलोमीटरवर आहे हे पहिल्याच ओळीत लिहा. प्रस्ताव एक पानाचा ठेवा: अडचण काय, तपासणीचा अहवाल काय सांगतो, किती खर्च, तीन वर्षांनंतर बिल कोण भरणार. आणि तो एप्रिल ते जूनमध्ये द्या. तेव्हा आराखडा अजून कोरा असतो आणि वाचणाऱ्याकडे वेळही असतो.